बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांतले मेंढपाळ कसे वाचायचे

मेंढपाळ म्हटलं की लगेच बायबलमधलं स्तोत्र 23 आठवतं, देव मेंढपाळ, हिरवी कुरणं, संथ पाणी वगैरे. संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांची पुस्तकं, वाचायला बसाल तेव्हा ते जरा बाजूला ठेवा, कारण इथे मेंढपाळ म्हणजे बहुतेक वेळा राजा आणि त्याच्या भोवतीचे अधिकारी, आणि सूर सरळसरळ आरोपपत्राचा असतो. तसं बाबेलचा (बॅबिलॉनचा) राजा हम्मुराबी पण स्वतःला मेंढपाळ म्हणवून घ्यायचा, पण तिथे राजाच स्वतःचं कौतुक करतोय, इथे राजाला जाब विचारला जातोय.

सुरुवात यहेज्केल 34 (यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय 34) पासून करा. आधी काळ बघून घ्या: यहेज्केल हा यहूदाच्या यहोयाकीन राजाबरोबर इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला नेलेल्यांपैकी, आणि यहूदाची राजधानी यरुशलेम पडल्याची बातमी जेमतेम आधीच्या अध्यायात, 33:21 ला (अध्याय 33, वचन 21) आलीय, म्हणजे मेंढरं पांगली हे नुसतं काव्य नाही, लोक खरंच देशोधडीला लागलेत. आता पेन्सिल घ्या आणि वचन 3-4 मधली क्रियापदं अधोरेखित करा. चरबी खाल्ली, लोकर पांघरली, धष्टपुष्ट ते कापलं, हे सगळं केलं. दुबळ्याला बळ, आजाऱ्याला उपचार, मोडलेल्याला पट्टी, भरकटलेल्याला परत आणणं, हरवलेल्याचा शोध, यातलं काहीच नाही केलं. मग थेट वचन 16 वर जा, तिथे देव स्वतः हीच कामं हातात घेतो आणि क्रम बघा, जवळपास उलटा, हरवलेल्यापासून सुरुवात!! मला तरी अख्ख्या अध्यायातली ही सगळ्यात भारी जागा वाटते.

बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. वचन 17 पासून मेंढरांचीच झडती आहे, लठ्ठ मेंढरं चांगलं कुरण तुडवतात, पाणी गढूळ करतात, बारक्यांना शिंगं मारून हाकलतात, त्यामुळे वरचा बदलला की झालं असं काही यहेज्केल म्हणत नाही.

नंतर यिर्मया 23:1-4 घ्या, पण त्याआधी अध्याय 22 वाचाच, नाहीतर "मेंढपाळांना हाय हाय" कोणाला म्हटलंय तेच कळत नाही. तिथे राजांची नावंच दिलीत, आणि मजुरांना पैसे न देता गंधसरूचा वाडा बांधणारा यहोयाकीम पण त्यात आहे.

यशया 44:28 पटकन होईल, फक्त एवढं बघा की तिथे "माझा मेंढपाळ" हा पारसचा (इराणचा) कोरेश, म्हणजे सायरस आहे, परका राजा.

जखऱ्या 11 शेवटी ठेवा, अवघड आहे. एका महिन्यात घालवलेले ते तीन मेंढपाळ कोण यावर अभ्यासकांचंच एकमत नाही, तर त्यात अडकू नका. मेंढपाळाला मजुरी म्हणून चांदीची 30 नाणी मोजून देतात ती ओळ धरा आणि शेजारी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकातलं 21:32 उघडून ठेवा, बैलाने कुणाचा गुलाम मारला तर मालकाला द्यायची भरपाई नेमकी तेवढीच.