फिलिंग तपासताय? या चुका टाळा

आरसा तोंडात फिरवून दहा सेकंदांत "सर, फिलिंग ओके आहे" असं कुणी ज्युनियर डॉक्टरने सांगितलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा बारीक धागा) घातलास का? उत्तरही ठरलेलंच.

सोलापुरात पेशंट निम्मं निदान स्वतःच सांगतो, आपण ऐकत नाही. विडी वळणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. "डॉक्टर, शेंगा चटणी लई अडकायलीय, जेवण झालं की काडीच घालावी लागतीय." वरच्या दाढेत दुसरीकडे केलेलं काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग होतं, रंग दाताशी तंतोतंत जुळलेला. आमच्या ज्युनियरने वरून पाहिलं, हिरडी सुजलेली दिसली, म्हणून स्केलिंग (दातांची सफाई) करून मावशींना वाटेला लावलं. थोड्याच दिवसांत त्या परत आल्या, चांगल्याच वैतागून.

मग फ्लॉस घातला. खाली जाताना कुठेच अडला नाही, म्हणजे दोन दाढांमध्ये सरळ फट. वर येताना मात्र फाटून आला. बाइटविंग एक्स-रे (वरच्या-खालच्या दाढा आणि त्यांच्यामधली जागा एकत्र दाखवणारा) काढला, तर हिरडीखाली मटेरियलचा छज्जा बाहेर आलेला. मॅट्रिक्स बँड (भरताना दाताभोवती लावायची पातळ पट्टी) लावला पण वेज (दोन दातांमध्ये ठोकायची छोटी पाचर) घातली नाही, की फट आणि छज्जा ही जोडी हमखास दिसते. खाली बँड दाताला घट्ट बसत नाही, म्हणून मटेरियल बाहेर सरकतं. आणि वेज नसल्याने दात किंचित बाजूला झालेले नसतात, त्यामुळे बँड काढल्यावर त्याच्या जाडीएवढी फट राहून जाते. अर्ध्या मिनिटाचं काम वाचवलं आणि पुढच्या डॉक्टरला अख्खं फिलिंग उकरावं लागलं. ते काढून सेक्शनल मॅट्रिक्स (फक्त एका बाजूला लावायची पट्टी), ती धरणारी रिंग आणि वेज लावून नव्याने भरलं.

माझ्याकडे पेशंट खुर्चीतून उठायच्या आधी फ्लॉस होतोच. जोर लागून आत जावा, 'टक्' आवाज यावा आणि न फाटता बाहेर यावा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट: फिलिंगच्या कडेला तपकिरी रेघ दिसली की "आत कीड आहे, बदलू या." अरे, इथे निम्म्या तोंडांत तंबाखू नाहीतर मिश्री! आधी पॉलिश करा, दात वाळवा आणि पुन्हा बघा. कड मऊ लागतेय, खालून काळसर सावली दिसतेय, खड्डा पडलाय, तरच किडीचं बोला. एक्सप्लोरर (दात तपासायची टोकदार सळी) दाबून "अडकतंय" म्हणणं हा पुरावा नव्हे, जुन्या अमाल्गमच्या (चांदीच्या रंगाच्या धातूच्या फिलिंगच्या) कडेला तर नाहीच. फिलिंगचा दर्जा ठरवायच्या, 1971 पासून वापरात असलेल्या यूएसपीएचएस (अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा) निकषांत अल्फा (उत्तम) आणि चार्ली (बदलायला हवं) यांच्या मधे ब्राव्हो आहे: दोष आहे, पण चालण्यासारखं. पोरांना नेमका ब्राव्होच आठवत नाही. प्रत्येक वेळी फिलिंग बदललं की खड्डा मोठा होतो, नस जवळ येते. कडेपुरती दुरुस्ती होत असेल तर तेवढीच करा.

ओल्या दातावर काहीही ठरवू नका.

जुन्या फिलिंगचा एक्स-रे न बघता "आत सगळं ठीक आहे" म्हणू नका.

पेशंटला आडवं ठेवूनच आर्टिक्युलेटिंग पेपर (दात कुठे टेकतात त्याची खूण उमटवणारा रंगीत कागद) चाववू नका. बसवा, टकटक चावायला लावा, मग खालचा जबडा दोन्ही बाजूंना सरकवून दातावर दात घासायला सांगा. भूल दिलेली असेल तर तो चावा तसाही भरवशाचा नसतो. मी सांगून ठेवतो: भूल उतरली की नेहमीसारखं जेवा, आणि भाकरी चावताना तोच दात आधी टेकत असेल तर "होईल सवय" म्हणून घरी बसू नका, लगेच या. घासून द्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.