काँक्रीटमध्ये घरातलं प्लास्टिक वापरताय? या चुका टाळा

थंड पेयांच्या बाटल्या, शॅम्पूचे डबे, फुटक्या बादल्या. हे सगळं बारीक करून थोड्या वाळूच्या जागी घालायचं आणि त्यातून बागेतले पेव्हर ब्लॉक, वाफ्यांच्या कडा, बसायचे बाक करायचे, ही गोष्ट जमते. मी ती करतो आणि इतरांनी करावी असं मनापासून वाटतं. पण पहिला माल बिघडला की लोक प्लास्टिकला दोष देऊन मोकळे होतात. मी पाहिलेले बहुतेक बिघाड मात्र धुण्यात आणि मापात झालेले होते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘प्लास्टिकचे रस्ते चालतात, मग काँक्रीट का नाही?’ असं हमखास विचारलं जातं. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले राजगोपालन वासुदेवन यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, ती डांबरी रस्त्यांमधल्या प्लास्टिकच्या कामासाठी. तिथे तापलेल्या खडीवर प्लास्टिक वितळतं, खडीला त्याचा थर बसतो आणि त्यावर डांबर घट्ट चिकटतं. सिमेंटच्या मालात काहीच वितळत नाही. चुरा आहे तसा राहतो, त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग सिमेंटला धरत नाही. म्हणून काँक्रीटमध्ये प्लास्टिक ताकद वाढवत नाही, फक्त जागा भरतं. चुरा वाढेल तशी ताकद उतरते. रस्त्यांच्या कामातले टक्के इथे उचलून आणू नका.

न धुतलेली बाटली

आमच्या सुरुवातीच्या एका मालाचे ब्लॉक दुसऱ्या दिवशी सकाळी साच्यातून काढायला गेलो, तर अंगठा दाबला की खळगा पडत होता. तिसऱ्या दिवशीही नखाने रेघ ओढता येत होती. सिमेंट ताजं होतं, पाणी बरोबर होतं. दोष साखरेचा होता.

हिशेब करून पाहा. सिमेंटच्या एका गोणीला साधारण ९० किलो वाळू धरली आणि तिच्या घनफळातला दहावा भाग बदलायचा ठरवला, तर बाटल्यांचा चुरा लागतो पावणेपाच किलोच्या आसपास. म्हणजे अर्धा लिटरच्या दोनशेहून जास्त बाटल्या. प्रत्येकीच्या तळाशी गोड पेय एक मिलिलिटर राहिलं, तरी सगळी मिळून वीस-पंचवीस ग्रॅम साखर मालात जाते. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के, म्हणजे गोणीमागे २५ ग्रॅम साखरेनेच माल धरायला काही तास उशीर होतो. साखर याच्या काही पट झाली तर सिमेंट धरायचं नावच घेत नाही.

मग पुढच्या खेपेला आम्ही बाटल्या कपड्यांच्या पावडरीने धुतल्या आणि खळबळायला कंटाळलो. साबणाने मालात बारीक हवा भरली. ताकद तपासायला भरतात तो १५० मिलिमीटर बाजूचा चौकोनी ठोकळा, म्हणजे क्युब, साध्या मालाचा असेल तर साधारण ८.१ किलो भरतो. प्लास्टिकमुळे त्यात शंभर-सव्वाशे ग्रॅमची घट अपेक्षित असते. आमचा क्युब साडेसात किलोच्याही आत आला. हवा एक टक्का वाढली की ताकद ढोबळमानाने पाच टक्के घटते, यावरून काय झालं असेल ते कळेल.

आता आम्ही चुरा साध्या पाण्याने तीन-चार वेळा खळबळून काढतो. मग मूठभर चुरा स्वच्छ पाण्याच्या बरणीत घालून जोरात हलवायचा. फेस टिकला तर पुन्हा धुवायचा. शेवटी कडक उन्हात पसरून पूर्ण वाळवायचा, कारण चुऱ्याला चिकटलेलं पाणी मालात न मोजलेलं पाणी म्हणून जातं.

किलोला किलो

नऊ किलो वाळू काढली, नऊ किलो चुरा घातला, ही सर्रास होणारी चूक. नऊ किलो वाळू सुमारे ३.४ लिटर जागा व्यापते, तेवढाच बाटल्यांचा चुरा साडेसहा लिटर, आणि बादलीच्या प्लास्टिकचा तर दहा लिटर. बदल नेहमी घनफळावर करा. सुरुवात पाच टक्क्यांपासून करा, दहाच्या पुढे जाऊ नका.

सगळं प्लास्टिक एकाच पोत्यात

पाण्याची बादली भरा आणि तुकडे टाका. बाटल्यांचं प्लास्टिक, म्हणजे पेट (PET), खाली बसतं. झाकणं, बादल्या, दुधाच्या पिशव्या तरंगतात. जे पाण्यावर तरंगतं ते व्हायब्रेटर लावल्यावर पातळ मालातही वर येतं. पिशव्यांचे कपटे हमखास वर येतात आणि ब्लॉकचा पापुद्रा सुटतो. पिशव्या भंगारवाल्यालाच द्या.

वेफर्सची आतून चकाकणारी पाकिटं तर नकोतच. त्या चकाकीत ॲल्युमिनियम असतं आणि सिमेंटच्या अल्कलीशी भिडलं की ते हायड्रोजन सोडतं. एएसी ब्लॉक, म्हणजे भिंतींसाठीचे सच्छिद्र हलके ब्लॉक, फुगवायला कारखान्यात ॲल्युमिनियमची पूडच घालतात.

काही जण बाटलीच्या लांब पट्ट्या कापून तंतूंसारख्या घालतात. पेट अल्कलीत वर्षानुवर्षं झिजत जातं, त्यामुळे तडे रोखण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. त्या कामाला बाजारात मिळणारे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू अल्कलीत टिकतात.

कोरडा वाटला म्हणून पाणी

चपट्या तुकड्यांमुळे माल ताठ होतो आणि मिक्सरवरचा माणूस सवयीने पाण्याचा डबा उचलतो. आधीच कमी झालेली ताकद तिथे आणखी जाते. चुरा ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घ्या, तरीही माल ताठ असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, वापरा.

नको तिथे वापर

कॉलम, बीम, स्लॅब, पाण्याची टाकी, चुलीजवळचा ओटा इथे हा माल अजिबात नको. काँक्रीटच्या खडी-वाळूचं मानक, आयएस ३८३, याच्या २०१६ च्या आवृत्तीत पाडकामाच्या मालापासून केलेल्या खडीला मर्यादित परवानगी आहे. प्लास्टिकच्या चुऱ्याला नाही. पायवाटेच्या ब्लॉकमध्येही चुरा फक्त खालच्या थरात घाला आणि वरचा थर साध्या मालाचा ठेवा. नाहीतर पायांनी घासून प्लास्टिकचे कण सुटतील आणि पहिल्याच पावसात नाल्यात जातील. जे नाल्यात जाऊ नये म्हणून हा खटाटोप केला, तेच तिथे पोचेल.

साचे भरण्याआधी तीन क्युब चुऱ्याचे आणि तीन साधे भरा, सगळे २८ दिवस पाण्यात ठेवा आणि जवळच्या प्रयोगशाळेत फोडून घ्या. दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटनच्या ताकदीसाठी १५० मिलिमीटरच्या क्युबने ४५० किलोन्यूटन भार घ्यायला हवा. साधा क्युब फुटला की ढासळतो, चुऱ्याचा क्युब तडे जाऊनही एकसंध उभा राहतो, कारण तुकडे तडा धरून ठेवतात. तो उभा दिसला म्हणून खूश होऊ नका, यंत्राच्या तबकडीवरचा आकडा वाचा. तो साध्या क्युबच्या फारच खाली असेल तर चुरा निम्मा करून पुन्हा क्युब भरा.