मुलांचे फर्निचर आणि लाकडी खेळणी घरी करताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपुरातील कितीतरी घरांच्या छपरीत आणि गच्चीवर ड्रिलचा आवाज सुरू होतो. कोणी मुलासाठी अभ्यासाचे टेबल करायला घेतो, कोणी पुस्तकांची मांडणी, आणि ज्यांच्या घरी लहान मूल आहे ते तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यासाठी, लाकडी नंदी करायचा बेत आखतात. हा उत्साह चांगलाच आहे, परंतु त्याच त्या चुका दरवर्षी नव्या माणसाच्या हातून होताना पाहून आता कंटाळा आला आहे. हत्यारे चालवता येत नाहीत ही त्यांतली सर्वांत लहान अडचण आहे, कारण रंधा आणि पटाशी महिन्याभरात हाताखाली येतात. लाकडाला वाळण्यासाठी आणि रंगाला कडक होण्यासाठी लागणारा वेळ मात्र कोणालाच द्यायचा नसतो, आणि वस्तू मुलाच्या हातात किंवा तोंडात गेल्यावर तिचे काय होईल यापेक्षा ती फोटोत कशी दिसेल याची काळजी आधी केली जाते.

फांदीच्या चकत्यांची चाके

नंदीला चाके हवीत, आणि चाक गोल असते. अंगणात नुकतीच छाटलेली कडुनिंबाची फांदीही गोल असते. तेव्हा करवतीने तिच्या चार चकत्या पाडल्या की काम झाले, हा विचार इतका सरळ आहे की तो जवळपास प्रत्येक नवशिक्याला सुचतो आणि प्रत्येकाला आपण काही विशेष युक्ती केली असे वाटते. लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने जितके आकसते, तितके गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसत नाही. बहुतेक जातींत पहिले आकसणे दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असते. चकतीचा घेर अधिक आखडतो, त्रिज्या मात्र तेवढी कमी होत नाही, म्हणून चकतीला सालीपासून गाभ्यापर्यंत फाटण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, ही फाट हळूहळू पडत नाही. रात्री कापलेली चकती दुसऱ्या दिवशीच उकललेली दिसते.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी नेमके हेच केले होते. चकत्या फाटल्या तेव्हा त्यांनी भेगांमध्ये लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरला, वरून लांबी (पुट्टी) ओढली, लाल रंगाचे दोन हात दिले आणि आस म्हणून लाकडी दांडी छिद्रात अगदी घट्ट ठोकून बसवली. मे महिन्यात ती चाके छान फिरत होती, हे मीही पाहिले होते. चकत्या बदला आणि छिद्र सैल करा, असे मी सुचवले तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, एक दिवसाचं तर काम आहे नंदीचं.” तान्हा पोळा येतो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पावसाळा भरात असताना. हवेतला ओलावा पिऊन दांडी फुगली आणि छिद्रात अडकली. वाळलेल्या भेगा पुन्हा मिटू लागल्या, तेव्हा त्यांच्यात भरलेली लांबी रंगासकट बाहेर ढकलली गेली आणि चाकावर खरखरीत वळ उठले. त्या दिवशी त्यांची पाच वर्षांची मुलगी नंदीची दोरी धरून माझ्या फाटकाशी आली आणि “काका, आमचा नंदी बसला, चालतच नाही,” असे म्हणाली. मागच्या रस्त्यावर लाल रंगाचे दोन ओरखडे लांबपर्यंत दिसत होते.

दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला असे नागपुरात सांगतात. तेव्हापासून मुले नंदी सजवून घरोघरी बोजारा (खाऊ किंवा पैसे) मागत फिरतात, म्हणजे या खेळण्याला भर रस्त्यावर, डांबर आणि खडी यांवरून चालायचे असते. शोभेच्या कपाटात ठेवायची ती वस्तू नव्हे. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक असल्याने इतवारीतल्या दुकानांपर्यंत पोहोचणेही कठीण असते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या नंदीची मी घरात जे होते त्यातूनच दुरुस्ती केली. प्लायच्या तुकड्यातून होलसॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) चार चाके कापली, दांडी ठोकून काढली, तिच्या जागी ६ मिलिमीटरची लोखंडी सळई घातली आणि छिद्र ७ मिलिमीटरचे केले. मुलगी बोजारा गोळा करायला वेळेवर गेली.

माझी पद्धत तेव्हाही हीच होती आणि आजही हीच आहे. चाक फळीतून किंवा चांगल्या प्लायमधून कापावे. फळीचे करायचे असल्यास दोन पातळ तुकडे रेषे एकमेकांना आडवे ठेवून चिकटवावेत आणि मग गोल कापावे. लाकडी आसच हवी असेल तर छिद्र दांडीपेक्षा पूर्ण एक मिलिमीटर मोठे ठेवावे. मे महिन्यात ते खुळखुळते आणि बघणारे नाके मुरडतात, त्यांना मुरडू द्यावीत. आस एकतर चाकात चिकटवावी किंवा अंगात; दोन्हीकडे फेविकॉल लावून मग चाक का फिरत नाही असे विचारणारेही मला भेटले आहेत.

लाकूड घेतानाही हीच घाई नडते. लकडगंजच्या लाकूडबाजारात विचारले तर प्रत्येक फळी वाळलेलीच असते. मी फळी घरी आणली की तिच्यावर पेन्सिलीने तारीख लिहितो, तिचा एक लहान तुकडा स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून वजनही लिहितो, आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत वजन उतरायचे थांबले की मगच रंधा हातात घेतो. खेळण्यांसाठी मला शिवणीचे लाकूड आवडते, कारण ते हलके असते, रंध्याला मऊ लागते आणि वाळल्यावर फारसे वेडेवाकडे होत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग उत्तमच, पण तो तेलकट असतो. सांध्याला चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसला नाही तर फेविकॉल नीट धरत नाही. फळीच्या कडेला पांढरट लाकूड असेल तर ते काढून टाकावे, भुंगा तिथूनच शिरतो.

उरलेला रंग आणि घाईची चमक

दुसरी चूक मला सर्वांत जास्त चीड आणते, कारण तिचे परिणाम दिसत नाहीत. फाटकाचा, कूलरच्या स्टँडचा किंवा गाडीला टचअप करून उरलेला रंग माळ्यावर पडलेला असतो आणि तो ‘वाया जाऊ नये’ म्हणून मुलाच्या पाळण्याला लावला जातो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक असू नये, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मात्र तो घरगुती रंगांसाठी आहे. यंत्रांचे आणि वाहनांचे रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि माळ्यावरचा गंजलेला डबा त्या तारखेच्या आधीचा असण्याचीही शक्यता असते. दात येत असलेले मूल पाळण्याचा वरचा कठडा चावतेच. एखाद्या वापरलेल्या पाळण्याचा कठडा उजेडात तिरका धरून पाहावा: काठावर खालच्या-वरच्या दातांचे जोडीजोडीने खड्डे असतात आणि प्रत्येक खड्ड्यात रंगाचा टवका गेलेला असतो. तो टवका कुठे गेला हे कोणालाही सांगावे लागू नये.

रंग द्यायचाच असेल तर पाण्यात विरघळणारा, डब्यावर शिसे नसल्याचे लिहिलेला नवा रंग आणावा आणि तो हाताला कोरडा लागला म्हणजे तयार झाला असे समजू नये. मी वस्तूच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला अंगठ्याचे नख रोवून पाहतो. खूण उमटली तर वस्तू परत छपरीत जाते. लहान खेळणी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रात्रभर ठेवतो आणि सकाळी झाकण उघडून वास घेतो. वास आला तर अजून काही दिवस थांबायचे. नातवंडाच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी रंग देणाऱ्यांना हे पटत नाही, याची मला कल्पना आहे.

तोंडात जाणाऱ्या खुळखुळ्यांना आणि ठोकळ्यांना मी रंग देतच नाही. त्यांच्यासाठी चपडी लाखेचे पातळ पॉलिश पुरेसे आहे. चन्नपट्टणची खेळणी तर कित्येक पिढ्यांपासून लाखेवरच झळकत आली आहेत. फक्त भर पावसात हे पॉलिश करू नये, कारण ओल्या हवेत त्यावर पांढरट साय धरते आणि ती घासून काढण्यातच सगळा वेळ जातो. दुसरा पर्याय जवसाच्या तेलाचा. विदर्भात ते घाण्यावरही मिळते, पण कच्चे तेल वाळायला आठवडे घेते. हार्डवेअरच्या दुकानातले लवकर वाळणारे तेल धातूचे क्षार घालून तयार केलेले असते, म्हणून ते तोंडात जाणाऱ्या वस्तूला वापरू नये. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल ‘नैसर्गिक आहे’ म्हणून चोपडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ही तेले कधीच वाळत नाहीत. ती चिकट होतात, धूळ धरतात आणि काही महिन्यांनी खवट वास मारू लागतात.

जवसाच्या तेलाविषयी एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नाही. हे तेल वाळताना उष्णता निर्माण करते. तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात फेकले तर ती उष्णता आतच कोंडते, आणि फडके कोणी काडी न लावताही पेटू शकते. माझ्या ओळखीच्या एका घरी दुपारच्या वेळी छपरीतल्या कचऱ्याच्या बादलीतून धूर येऊ लागला, तेव्हा त्यांना आधी शॉर्टसर्किटची शंका आली. बादलीत लाकडाचा भुसाही होता. फडके काम संपताच दोरीवर मोकळे पसरून वाळवावे, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात टाकावे.

कूलरच्या खोलीतले टेबल

आपल्याकडे मे महिन्यात छपरीतील हवा ठणठणीत कोरडी असते, तर कूलर लावलेल्या खोलीत उशीसुद्धा दमट लागते. छपरीत तयार केलेले टेबल तसेच उचलून कूलरसमोर ठेवले की त्याने पावसाळा दोन महिने आधीच पाहिला असे समजावे. सागाची ३०० मिलिमीटर रुंद फळी, वलये रुंदीच्या दिशेने असतील आणि तिच्यातील ओलावा आठ टक्क्यांनी वाढला, तर चार मिलिमीटरहून थोडी अधिक पसरते. सागाव्यतिरिक्त बहुतेक लाकडे याहून जास्त पसरतात. ही फळी खालच्या चौकटीला चारही बाजूंनी चिकटवून टाकली असेल तर एकतर ती पोक काढते किंवा चौकटीचा सांधा उघडतो, आणि दोष मात्र फेविकॉलला दिला जातो. वरची फळी चौकटीला स्क्रूनेच धरावी आणि चौकटीतील स्क्रूची छिद्रे आडवी लांबट करावीत, म्हणजे फळीला सरकायला वाव राहतो. ज्यांना हे किचकट वाटते त्यांनी सरळ आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्रतीचा प्लाय घ्यावा. कडेला कागदी पट्टी मात्र चिकटवू नये, कारण मूल ती सोलून तोंडात घालते. सागाची अस्सल पट्टी लावून तिच्या कडा गोल कराव्यात. टेबलाचा सरकता खण मे महिन्यात केला तर वरच्या बाजूला ३ मिलिमीटर फट सोडावी, ऑगस्टमध्ये केला तर १ पुरते.

मापे, फटी आणि झाकणे

मोठ्यांच्या टेबलाची मापे निम्मी करून मुलांचे टेबल होत नाही. साधारण ९३ ते ११६ सेंटीमीटर उंचीच्या मुलासाठी बैठक २६ आणि टेबल ४६ सेंटीमीटर असावे, असे युरोपातील शाळांच्या फर्निचरचे प्रमाण आहे आणि ते आपल्या मुलांनाही बसते. मी मात्र कागदावरच्या आकड्यापेक्षा मुलालाच विटांवर बसवून पाय टेकतात की नाही ते पाहतो, आणि मगच आखणी करतो. मूल वाढेल म्हणून आधीच उंच करून ठेवणे म्हणजे त्याला दोन वर्षे पाय लोंबकळत बसवणे होय.

पाळण्याच्या दांड्यांमधील फट ६ सेंटीमीटरहून अधिक नको. सात ते बारा मिलिमीटरची फट कुठेच नको, कारण बोट तिथे जाते आणि अडकते.

पुस्तकांची मांडणी कितीही जड वाटली तरी ती एल-पत्तीने भिंतीला बांधावीच. प्लग प्लास्टरमध्ये न राहता विटेत जाईल इतके खोल छिद्र करावे. मुले खणांचा जिना करतात. खेळण्यांच्या पेटीला झाकण नसलेलेच बरे, आणि हवेच असेल तर ते हात सोडताच धाडकन पडणार नाही असा आधार द्यावा व बाजूंना हवेची छिद्रे ठेवावीत.

नंदीच्या गळ्यात घुंगरू आणि डोळ्यांच्या जागी मणी लावण्याचा मोह आवरावा. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यातील सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तपासणी-नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये. घरच्या घरी यासाठी ३२ मिलिमीटरच्या होलसॉने जाड ठोकळ्यात छिद्र पाडून ठेवावे आणि प्रत्येक सुटा होऊ शकणारा तुकडा त्यातून टाकून पाहावा. गेला तर तो काढावा. डोळे रंगवलेलेच शोभतात. शिंगांची टोके बोथट करावीत. दोरीच्या टोकाला पक्का फास नको. लहान खिळे ठोकू नयेत. काचपेपर घासताना मुलाला छपरीतून बाहेर काढावे आणि स्वतः तोंडाला मास्क लावावा, कारण सागाची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते.

शेवटी, ज्यांचे पहिले दोन नंदी पाहून नातेवाइकांकडून मागणी येऊ लागते त्यांच्यासाठी. घरच्यांना भेट देणे वेगळे आणि पैसे घेऊन विकणे वेगळे. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार विक्रीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा ती नोंदणी आधी करावी आणि मगच मागण्या घ्याव्यात.