कपडे बदलायच्या खोलीवरून तक्रार आली तर

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतलं एखादं बेदाणा निवडणीचं युनिट डोळ्यांसमोर आणा. सकाळी सातची पाळी, साठ बायका, कपडे बदलायला एकच खोली. दाराची कडी मोडलेली, म्हणून आतून विटेचा टेकू. एका भिंतीला खुंट्या, समोर पत्र्याचे लॉकर, मधे आडोसा नाही. जी ती भिंतीकडे तोंड करून, पदर दातांत धरून कपडे बदलते आणि वर ॲप्रन-टोपी चढवते. या युनिटमध्ये एक ट्रान्स स्त्री (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री मानणारी) कामाला येते. आठवडाभरात ऑफिसच्या टेबलावर तीस सह्यांचा अर्ज पडतो : "तिला आमच्या खोलीत येऊ देऊ नये." पाठोपाठ तिचाही अर्ज येतो : "मला नावं ठेवतात, खोलीबाहेर ताटकळत ठेवतात."

अशा वेळी मालकाला सुचणारा सोपा उपाय म्हणजे ठेकेदाराला फोन करून "तिला उद्यापासून पाठवू नको" असं सांगणं. खटला उभा राहतो तो नेमका इथून. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू आहे आणि तृतीयपंथी असल्यामुळे नोकरी नाकारणं, कामावरून काढणं, बढती अडवणं त्याने बंद केलं आहे. लिंगओळखीमुळे शाळेने नोकरी नाकारलेल्या एका शिक्षिकेला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नुकसानभरपाई दिली. दुसरा सोपा उपाय तितकाच वाईट : तीस बायकांना "गप कामाला लागा" म्हणून हाकलायचं. आडोशाची मागणी हा त्यांचा हट्ट नाही. बायकांसाठी वेगळी आणि आडोशाची सोय १९४८ च्या कारखाने कायद्यापासून कागदावर आहे. मोडलेली कडी ही मालकाची चूक आहे.

आधी अर्जाचे दोन भाग करा

पेन घ्या आणि अर्जातल्या एकेका वाक्यासमोर "वागणूक" किंवा "व्यवस्था" असं लिहा. कुणी नको तिथं हात लावला, अंगावरून बोललं, चोरून पाहिलं, मोबाइलने फोटो काढला, घाणेरडे मेसेज पाठवले : ही वागणूक. खोली कुणी वापरायची, संडास कुठला, आडोसा का नाही, लाज वाटते, भीती वाटते : ही व्यवस्था. वागणुकीची तक्रार अंतर्गत समितीकडे, म्हणजे लैंगिक छळाची चौकशी करणाऱ्या कामाच्या ठिकाणच्या समितीकडे, जाते. व्यवस्था मालकाने लावून द्यायची असते, त्यासाठी कुणाला आरोपी करावं लागत नाही.

दोन्ही एकाच फायलीत कोंबलं की दोन्ही बाजू हरतात. "ती आमच्या खोलीत येते, हाच छळ आहे" असा अर्ज समितीपुढे टिकत नाही, कारण त्यात कुणी केलेली कृतीच नाही. त्याच अर्जात चौथ्या ओळीत एखादीचा खरा, गंभीर प्रसंग लिहिलेला असेल, तर तोही बाकीच्यांबरोबर वाहून जातो. म्हणून तीस सह्यांचा अर्ज आला की ज्या बाईवर प्रत्यक्ष प्रसंग आला, तिला तिची तक्रार वेगळी लिहायला सांगा. सामूहिक अर्जात साक्षीदार कोण आणि पीडित कोण हेच कळत नाही.

तक्रार कशी लिहायची? "तिचं वागणं बरोबर नाही" असं नको. असं लिहा : "मंगळवारी दुपारच्या सुट्टीत, साधारण पावणेएकला, मी कपडे बदलताना अमुक व्यक्तीने मोबाइल माझ्या दिशेने धरला. मी ओरडल्यावर खिशात टाकला. तेव्हा खोलीत आणखी दोघी होत्या, त्यांची नावं खाली दिली आहेत." तारीख, वेळ, जागा, कृती, साक्षीदार. विशेषणं गाळली तरी चालतं, तारीख गाळून चालत नाही.

समितीतले सदस्य इथं एका प्रश्नावर तास घालवतात : जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती बाई की पुरुष? हा प्रश्न सोडवायची गरजच नाही. २०१३ च्या पॉश कायद्यात (कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) तक्रार कुणाविरुद्ध चालते तर "व्यक्ती"विरुद्ध. त्या व्यक्तीचं लिंग कायद्याने विचारलेलंच नाही. ट्रान्स स्त्री असो, पुरुष सुपरवायझर असो की दुसरी बाई, कृती सिद्ध होते की नाही एवढंच पाहायचं. चोरून पाहणं किंवा चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चा गुन्हाही आहे. बाईला पोलिसांत जायचं असेल तर मालकाने तिला मदत करायची आहे. "आधी समितीचं होऊ दे" म्हणून तिला अडवायचं नाही.

समितीचं वेळापत्रक

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती लागते आणि या मोजणीत ठेकेदाराकडची, रोजंदारीची माणसंही धरायची. "आमच्या पगारपत्रकावर आठच आहेत" ही पळवाट चालत नाही. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतून, एक बाहेरचा सदस्य आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. बाहेरचा सदस्य म्हणून मालकाच्या मित्राचं नाव टाकू नका. महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतलं, आणि जमलं तर तृतीयपंथी लोकांबरोबर बसून बोललेलं माणूस घ्या. सांगलीत 'संग्राम'सारख्या संस्थेचं या भागातलं काम १९९२ पासूनचं आहे, तेव्हा असं माणूस इथं मिळत नाही असं म्हणता येणार नाही.

कामगार दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. सांगलीत विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, साताऱ्यात तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात तिचा पत्ता विचारा. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार दिली तर त्याने ती ७ दिवसांत पुढे पाठवायची असते. जत किंवा पाटणच्या बाईने त्यासाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही.

मुदती अशा. शेवटच्या प्रसंगापासून ३ महिन्यांत तक्रार. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देते. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून देणं समितीचं काम आहे. ७ कामाच्या दिवसांत एक प्रत समोरच्या व्यक्तीला, तिचं उत्तर १० कामाच्या दिवसांत. चौकशी ९० दिवसांत संपवायची, संपल्यावर १० दिवसांत अहवाल, त्यावर मालकाची कारवाई ६० दिवसांत. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. वकील कुणालाच आणता येत नाही. उलट प्रश्न विचारायचे असतील तर लिहून समितीकडे द्यायचे आणि समितीने ते साक्षीदाराला विचारायचे. दोघींना समोरासमोर बसवून "बोला आता" म्हणायचं नाही.

घाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी गोव्यातल्या एका विद्यापीठ शिक्षकावरची कारवाई रद्द केली, कारण समितीने शेवटी शेवटी बैठकांचा सपाटा लावला आणि त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळच मिळाला नाही. आपल्याकडे दोन सुनावण्यांत "मिटवून टाका" होतं. समझोता तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच होतो, आणि पैशांवर तर कधीच नाही. साध्या कागदावर "आता काही तक्रार नाही" असं लिहून घेऊन सही मारून घेतलेली पाहिली, की तिथं दबाव होता असंच समजा.

चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा देता येते, पण बाईने लेखी मागितली तर. तिला न विचारता दुसऱ्या शेडला पाठवणं ही शिक्षाच झाली. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून तिच्यावर कारवाई करता येत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

ट्रान्स स्त्रीचा अर्ज

तिला खोलीबाहेर ताटकळत ठेवलं, जुन्या नावाने हाका मारल्या, "खरी आहेस का दाखव" म्हटलं, तर त्यासाठी वेगळं दार आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेला एक तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार त्याने १५ दिवसांत चौकशी करायची आणि अहवाल मिळाल्यावर मालकाने पुढच्या १५ दिवसांत कृती करायची. म्हणजे हे वेळापत्रक पॉशपेक्षा बरंच आखूड आहे, आणि फाइल टेबलावर पडून राहते ती इथंच. तक्रार अधिकारी आणि समितीतला सदस्य एकच माणूस ठेवू नका. दोन्ही अर्ज समोर आले की तो अडकतो आणि दोन्ही चौकशांवर शंका घ्यायला जागा होते. तिला शारीरिक, लैंगिक, शाब्दिक किंवा मानसिक त्रास देणं हा गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते २ वर्षं आणि दंड.

तिच्याशी लैंगिक स्वरूपाचं वागणं झालं असेल तर समितीने "तू बाई नाहीस" म्हणून अर्ज दारातूनच परत पाठवू नये. घरगुती हिंसाचार कायद्याच्या एका प्रकरणात शस्त्रक्रिया केलेली ट्रान्स स्त्री ही पीडित व्यक्ती ठरते असं मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटलं आहे. अर्ज दाखल करून घ्या, तो का घेतला याची दोन वाक्यं रोजनाम्यात लिहा, चौकशी सुरू करा. शंका असेल तर तक्रार अधिकाऱ्याकडे समांतर प्रत द्या. दोन्ही दारं बंद करणं हा मार्ग नाही.

शरीराचा पुरावा कुणीही मागायचा नाही. ना समितीने, ना एचआरने, ना सहकारी बायकांनी. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेची अट धरणं बेकायदा ठरवलं. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं ओळखपत्र तिच्याकडे असेल तर ते पगारपत्रक आणि विमा यांच्यापुरतं फायलीत राहील, नोटीस बोर्डावर नाही. या कायद्यांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून कपाटातली जुनी झेरॉक्स न वापरता चौकशीच्या दिवशीची ताजी प्रत काढा.

बाजू कुठलीही असो, बायकांना एवढं स्पष्ट सांगा : "मला तिच्यासमोर कपडे बदलायला संकोच वाटतो" हे म्हणणं गैरवर्तन नाही आणि ते बोलल्याबद्दल कुणाला मेमो मिळणार नाही. तिचा जुना फोटो ग्रुपवर फिरवणं मात्र गैरवर्तन आहे. जतच्या यल्लमाच्या जत्रेत जोगत्याच्या पायावर डोकं ठेवणारी माणसं कारखान्यात त्याच माणसाला शेजारी बसू देत नाहीत, हे दुखणं कायद्याने एका दिवसात जात नाही. पण या दोन वाक्यांमधली रेघ पहिल्याच बैठकीत आखली तर निम्मा तणाव उतरतो.

खोली

खरा तोडगा गवंडी आणि सुताराच्या हातात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्वच्छतागृह आणि लॉकर रूमची सोय पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी अशा तिघांसाठी लिहिली आहे. तृतीयपंथी कायद्याच्या २०२० च्या नियमांत मालकाच्या समान संधी धोरणात कुणालाही वापरता येणाऱ्या संडासाचा उल्लेख आहे. हे धोरण कागदावर करून ठेवा, पहिली विचारणा त्याचीच होते.

प्रत्यक्षात असं करा. बायकांच्या खोलीची कडी आजच्या आज बसवा. आत एका भिंतीला चार फूट बाय चार फुटांचे तीन-चार कप्पे काढा, प्लायवूडचे, दाराला आतून कडी, खाली फटीतून वाकून दिसणार नाही इतपत उंबरा. पडदे लावू नका, पडदा ओढला जातो आणि भांडण तिथूनच सुरू होतं. असे कप्पे झाले की बहुतेक बायका स्वतःच तिथं कपडे बदलायला लागतात, कारण उघड्यावर बदलणं त्यांनाही कधी आवडलेलं नसतं.

शिवाय मधल्या पॅसेजमधून उघडणारी एक स्वतंत्र खोली काढा, साधारण चार बाय सहा फूट. भिंती छतापर्यंत, आतून कडी, दिवा, नळ, दोन खुंट्या, आरसा आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा. बाहेर पाटी : "कपडे बदलण्याची खोली. एका वेळी एकच व्यक्ती." पाटीवर "तृतीयपंथी" लिहू नका. आत जाणारीची ओळख साऱ्या पाळीला रोज सकाळी सांगायची गरज नाही. ही खोली पोटुशीला, नुकत्याच बाळंत झालेलीला, जिला एकटीला बदलायचं आहे तिला, सगळ्यांना खुली ठेवा. ती मागच्या गोडाऊनशेजारी, सिक्युरिटीच्या नजरेआड काढली तर ट्रान्स स्त्रीला तिथं जायची भीती वाटेल आणि सोय असून नसल्यासारखी होईल. कॅमेरा पॅसेजमध्ये चालेल, दाराच्या आत दिसेल असा मुळीच नको.

खोली तयार होईपर्यंत दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावता येतात. पण रोज तिचाच नंबर शेवटी आणि तिचाच हजेरीचा उशीर, असं होऊ देऊ नका. उशिरा हजेरीचा मेमो पुढे भेदभावाचा पुरावा म्हणून समोर येतो.

मोबाइलवर फिरणारे निकाल

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा १६ एप्रिल २०२५ चा निकाल मराठी ग्रुपांवरही फिरतो. त्यात त्यांच्या २०१० च्या समानता कायद्यातल्या "स्त्री" या शब्दाचा अर्थ जैविक लिंगाप्रमाणे घ्यायचा असं ठरलं. तो त्यांच्या कायद्याचा अर्थ आहे. कुपवाडच्या समितीपुढे कुणी तो वाचून दाखवला तर ऐकून घ्या, रोजनाम्यात नोंदवा, आणि निर्णय आपल्या २०१३, २०१९ आणि २०२० च्या कायद्यांवर करा.

नावं, जबाब, शिफारस हे सगळं गुप्त. समितीतल्या कुणी चहाच्या टपरीवर सांगितलं तर त्याला ५,००० रुपये दंड आहे, म्हणून कपाटाची किल्ली अध्यक्षांकडेच राहू द्या. समितीची शिफारस पटली नाही तर अपील ९० दिवसांत करायचं असतं. त्यासाठी अहवालाची प्रत दोघींनाही द्या आणि मिळाल्याची तारखेसह सही घ्या.