सीपॅप नीट बसवायचं तर आधी गळती, मग ओलावा, दाब शेवटी

झोपेत घसा बंद पडून श्वास थांबतो त्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन म्हणजे सीपॅप. ते लावूनही सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी डोळ्यांवर झापड. असं झालं की माणूस पहिला संशय दाबावर घेतो. खरं तर बऱ्याच वेळा दाब ठीक असतो, पण तो घशापर्यंत पोचतच नाही. मास्क कुठून तरी गळतो, किंवा नाक इतकं कोरडं पडतं की झोपेत तोंड उघडतं. म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरवून घ्या: आधी गळती, मग ओलावा आणि आराम, आणि हे दोन्ही जागेवर आल्यावर दाब. एका वेळी एकच बदल करा आणि तो किमान पाच-सहा रात्री तसाच ठेवा. तीन गोष्टी एकदम फिरवल्या तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, हे कळायला मार्ग उरत नाही.

हृदय कमजोर असल्याचं निदान, दम्यासारखा जुना फुप्फुसाचा आजार, घरी ऑक्सिजन, अफूवर्गातली वेदनाशामकं किंवा बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं) मशीन यांपैकी काहीही असेल तर दाबाला स्वतःहून हात लावू नका. मास्क आणि ओलाव्याचा भाग मात्र तुमच्याही कामाचा आहे.

कुठले आकडे बघायचे

मशीन रोज सकाळी पडद्यावर रात्रीचा अहवाल दाखवतं. त्यातले तीन आकडे महत्त्वाचे: किती तास वापर झाला, एएचआय किती आणि गळती किती. एएचआय म्हणजे तासाभरात श्वास किती वेळा थांबला किंवा अर्धवट झाला. उपचाराविना ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र धरतात. मशीनवर तो ५ च्या खाली यायला हवा. अनेकांचा २ च्या आसपास स्थिरावतो.

एका रात्रीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. सर्दी, उशिराचं जड जेवण, दारू, झोपेची गोळी, पाठीवर उताणं झोपणं, यातल्या कशानेही एखादी रात्र बिघडते. आठवड्याची सरासरी धरा. मशीनमध्ये एसडी कार्ड असेल तर ‘ऑस्कर’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकून प्रत्येक मिनिटाचा आलेख बघता येतो. कार्ड संगणकात घालण्याआधी त्याच्या कडेची छोटी खिट्टी लॉककडे सरकवा, म्हणजे संगणक त्यावर काही लिहून नोंदी खराब करणार नाही. परत मशीनमध्ये घालताना लॉक काढायला विसरू नका.

गळती

मास्क बसल्या बसल्या लावून ‘बसला’ असं समजणं ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. आडवं झाल्यावर गालाची चरबी आणि जबडा सरकतो, मास्कही सरकतो. पट्टे सैल करून मास्क चेहऱ्यावर ठेवा, मशीन सुरू करा, तुम्ही झोपता त्याच कुशीवर आडवे व्हा आणि हवा वाहत असतानाच पट्टे थोडे थोडे ओढा. हवेने मास्कच्या कडेची सिलिकॉनची उशी फुगली पाहिजे, कारण सील तीच करते. फार आवळलं तर उशी चेपून दुमडते आणि गळती वाढते. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. नाकाच्या दांड्यावर सकाळी लाल खूण किंवा फोड दिसला तर मास्क घट्ट आहे किंवा मापाचा नाही. दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे असावेत. एक बाजू ओढलेली असली की वारा डोळ्यात जातो आणि सकाळी डोळे चुरचुरतात.

रेसमेड कंपनीच्या मशीनवर गळती मिनिटाला २४ लिटरच्या खाली असावी. दुसऱ्या कंपन्या गळती वेगळ्या पद्धतीने मोजतात. काही मशीन मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवाही त्यात धरतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या मशीनच्या आकड्याशी आपला आकडा ताडू नका. मशीनच्या मेनूत मास्कचा प्रकारही निवडायचा असतो: नाकाचा, नाकपुड्यांत बसणारा की तोंड-नाक झाकणारा. चुकीचा प्रकार निवडलेला असेल तर गळतीचा हिशेबच चुकतो.

रात्री डोक्याला आणि चेहऱ्याला तेल लावायची सवय असेल तर ती सकाळवर ढकला. तेलकट कातडीवर सिलिकॉन घसरतं आणि पट्टेही लवकर सैल पडतात. पेट्रोलियम जेलीने सिलिकॉन खराब होतं, म्हणून ती नकोच. दाट मिशी असेल तर तोंड झाकणाऱ्या मास्कपेक्षा नाकपुड्यांचा मास्क बहुधा चांगला बसतो.

नाकाचा मास्क असून तोंड वाळवंटासारखं कोरडं पडत असेल तर झोपेत तोंड उघडतंय. हनुवटीचा पट्टा लावायच्या आधी नाक चोंदलेलं आहे का बघा. सलाइनचे थेंब, ॲलर्जीचा उपचार आणि गरज असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञ, हे आधी. बंद नाकावर पट्टा आवळून काही साधत नाही. त्यानेही जमलं नाही तर तोंड-नाक झाकणारा मास्क घ्या.

ओलावा, धूळ आणि लाईट

मशीनच्या पाण्याच्या टाकीतून हवेत ओलावा मिसळतो, आणि त्याची पातळी आकड्याने ठरवता येते. हा भाग मराठवाड्यात ऋतूप्रमाणे बदलावा लागतो, आणि बाहेरच्या माहितीत तो नेमका सापडत नाही. थंडीत परभणीकडे पारा एक आकडी होतो तेव्हा गरम ओली हवा थंड नळीत पाणी होऊन साचते. रात्री नळीत गुळगुळ आवाज येतो, नाकावर थेंब पडतात. त्यावर उपाय असा: मशीन पलंगाच्या उंचीच्या खाली ठेवा, नळी गोधडीखालून आणा, नळी गरम करणारी असेल तर तिचं तापमान एक-दोन अंशांनी वाढवा, आणि तरीही थेंब पडले तर ओलाव्याची पातळी एकाने कमी करा. उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत हवा आधीच ओली असते, तिथे ओलावा २ किंवा ३ वर पुरतो. एसीत मात्र ५-६ लागू शकतो, कारण एसी हवा कोरडी करतो.

मशीन हवा थंड करत नाही, उलट आत येणाऱ्या हवेला थोडं तापवतंच. बहुतेक मशीन ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालवायला बनवलेली असतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रात्री दहालाही त्याहून जास्त तापमान असतं. तिथे मशीन भिंतीला चिकटून किंवा कपाटाच्या वर ठेवू नका. खाली, मोकळ्या जागी ठेवा आणि कूलरचे शिंतोडे त्यावर येणार नाहीत हे बघा. गच्चीवर किंवा माळवदावर झोपायचं असेल तर मशीन स्टुलावर ठेवा. वारं आणि फुफाटा हवा ओढायच्या बाजूने येणार नाही असं तिचं तोंड फिरवा.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी उजेडात धरून बघा. तूर-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत किंवा जिनिंगच्या आसपास राहत असाल तर तो महिनाही टिकत नाही. एकदा वापरायचा पांढरा फिल्टर धुऊन परत लावू नका. धुतल्यावर त्याचे तंतू मोकळे होतात आणि बारीक धूळ आत जाते.

टाकीत बोअरचं पाणी घालू नका. क्षारांचा पांढरा थर तळाला बसला की तापणारी पट्टी टाकीला नीट उष्णता देऊ शकत नाही आणि ओलावा कमी मिळतो. औषधाच्या दुकानातलं सीलबंद डिस्टिल्ड वॉटर घ्या. बॅटरीच्या दुकानातलं सुटं पाणी टाळा, तो कॅन आधी कशासाठी वापरला होता हे कुणाला माहीत नसतं. थर बसलाच तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी घालून दहा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ धुवा. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकी उपडी वाळवा.

लाईट जाणं गृहीत धरा. सगळ्यात जास्त वीज टाकी आणि नळी तापवायला लागते, पंख्याला फार कमी. इन्व्हर्टरवर आल्यावर ओलावा आणि नळीचं तापमान बंद केलं तर बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर मशीनचा अडॅप्टर तापतो आणि बिघडू शकतो. लाईट आल्यावर श्वास घेताच मशीन आपोआप सुरू व्हावं म्हणून ‘स्मार्ट स्टार्ट’ चालू ठेवा.

रॅम्प आणि श्वास सोडतानाची सूट

झोपताना दाब हळूहळू चढावा म्हणून रॅम्प असतो. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. ४ पासून सुरुवात केल्यावर अनेकांना हवा पुरत नाही, घुसमटल्यासारखं होतं आणि मास्क काढून फेकावासा वाटतो. अशा वेळी सुरुवात ५ किंवा ६ वर न्या. रॅम्प ४५ मिनिटांचा आणि झोप मात्र दहा मिनिटांत लागत असेल तर मधल्या अर्ध्या तासात उपचार अपुरा राहतो. ‘ऑटो’ रॅम्प असेल तर तो निवडा. त्यात मशीन झोप लागल्याचं ओळखून दाब वाढवतं.

श्वास सोडताना दाब कमी करणाऱ्या सोयीला रेसमेडवर ईपीआर म्हणतात. १, २ किंवा ३ म्हणजे तितक्या सेंटिमीटरने दाब उतरतो. मशीन ४ च्या खाली जात नाही, म्हणून किमान दाब ४ असताना ईपीआर ३ ठेवूनही तिथे काहीच फरक जाणवत नाही. शिवाय श्वास सोडल्यावर घसा उघडा ठेवायला दाब कमी पडतो, त्यामुळे ईपीआर वाढवला की काहींचा एएचआय वाढतो.

दाब

नवं ऑटो मशीन (गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करणारं) अनेकदा ४ ते २० अशा कारखान्यातल्याच सेटिंगवर घरी येतं आणि बसवणारा माणूस ते तसंच सोडून जातो. ऑटो मशीन घसा बंद पडायला लागल्याचं ओळखून मगच दाब वाढवतं, आणि वाढवायला काही मिनिटं घेतं. तुम्हाला ९ लागत असेल आणि मशीन ४ वर बसलं असेल तर ते तिथवर पोचेपर्यंत श्वास दोन-तीनदा थांबून गेलेला असतो. मग दाब उतरतो आणि पुन्हा तेच सुरू होतं. म्हणून ऑटो मशीनमध्ये किमान दाब हा खरा कळीचा आकडा आहे, कमाल नव्हे.

अहवालात मध्यक दाब (रात्रीचा अर्धा वेळ दाब याच्या खाली असतो) आणि ९५ टक्क्यांचा दाब (९५ टक्के वेळ दाब याच्या खाली किंवा इतकाच असतो) दिसतो; फिलिप्सवर ९० टक्क्यांचा. समजा मध्यक ८.४ आहे, ९५ टक्क्यांचा ११ आहे, किमान ४ वर आहे आणि गळती आटोक्यात असूनही एएचआय ८ आहे. हे आकडे डॉक्टरांना दाखवा आणि किमान ६ वर न्यायचं विचारा. आठवड्याने आकडे बघून ७, मग लागल्यास ८. पाऊल अर्ध्या ते एका सेंटिमीटरचं असावं, फार तर सुरुवातीला दोनचं.

अहवालात ‘सेंट्रल’ किंवा ‘क्लिअर एअरवे’ नावाच्या घटना वेगळ्या मोजलेल्या असतात. त्यात घसा उघडा असतो, पण मेंदू श्वासाचा इशाराच देत नाही. दाब वाढवल्यावर या घटना वाढल्या तर आणखी दाब वाढवणं चुकीचं आहे. मागच्या आकड्यावर या आणि डॉक्टरांना कळवा. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत त्या काहींना येतात आणि आपोआप कमीही होतात, पण टिकून राहिल्या तर दुसरं मशीन लागू शकतं. पोट फुगून ढेकर आणि गॅस होत असेल तर हवा अन्ननलिकेत जातेय. जेवण झोपण्याआधी तीन तास उरका, डाव्या कुशीवर झोपून बघा, आणि कमाल दाब एकाने कमी करता येईल का हे विचारा.

जुनं मशीन विकत घेतलं असेल तर आधीच्या माणसाचा दाब त्यात तसाच असतो. तो आपल्या तपासणीच्या अहवालाप्रमाणे बदलून घ्या. फिलिप्सने २०२१ च्या जूनमध्ये आवाज कमी करणाऱ्या फोममुळे अनेक मॉडेल परत बोलावली होती, म्हणून त्यांच्या मशीनचा क्रमांक कंपनीकडे तपासल्याशिवाय ते तोंडाला लावू नका.

महिनाभर रोज चार तासांहून जास्त वापरूनही एएचआय १० च्या वर असेल, सकाळी डोकेदुखी राहत असेल, किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन झोपेत बराच वेळ ८८ टक्क्यांच्या खाली दिसत असेल तर सेटिंग फिरवत बसू नका. एसडी कार्ड, मूळ झोप-तपासणीचा अहवाल, चालू गोळ्यांची यादी आणि कोणत्या तारखेला काय बदललं ते लिहिलेला कागद घेऊन छातीरोगतज्ज्ञांकडे जा, मास्कही सोबत न्या. दिवसा झापड येते तोवर गाडी चालवू नका, विशेषतः समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर.