लॅपटॉप वापरताना या चुका टाळा: ऊन, धूळ, वीज आणि फॉरमॅटची घाई

मराठवाड्यात लॅपटॉपची कोणतीही तक्रार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले, की ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर बहुधा तयार असते. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे. त्यानंतर चार दिवस लॅपटॉप बरा चालतो आणि मग पुन्हा तेच रडगाणे सुरू होते, कारण पुष्कळदा दोष विंडोजमध्ये नसतोच. तो पत्र्याच्या खोलीतल्या उन्हात असतो, पंख्यात साठलेल्या धुळीत असतो, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असतो, नाहीतर खरेदीच्या दिवशी दुकानदाराने घाईघाईने उघडून दिलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असतो. म्हणून आधी बाहेरचे तपासावे आणि मगच आतल्या गोष्टींना हात लावावा, हा क्रम आपल्याकडच्या हवामानात आणि वीजपुरवठ्यात विशेष उपयोगी पडतो.

दुपारच्या संथपणाला व्हायरस समजणे

लॅपटॉप बनवणाऱ्या अनेक कंपन्या वापराच्या जागेचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आत असावे, असे आपल्या माहितीपुस्तिकेत लिहितात. एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड, बीड या भागांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत थाटलेल्या सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात तो त्याहूनही चढलेला असतो. प्रोसेसरचे स्वतःचे तापमान १०० अंशांच्या जवळ जाऊ लागले, की तो जळू नये म्हणून आपणहून गती उतरवतो आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर लॅपटॉप कोणतीही सूचना न देता बंद पडतो. सकाळी झरझर चालणारा लॅपटॉप दुपारी दोननंतर रेंगाळत असेल आणि रात्री पुन्हा सुरळीत होत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. व्हायरस काही घड्याळ बघून येत नाही.

पारख करायला हत्यारे लागत नाहीत. लॅपटॉप अर्धा तास कामात ठेवून त्याच्या कडेच्या किंवा मागच्या जाळीजवळ हात धरावा. पंख्याचा आवाज मोठा असून बाहेर येणारी हवा अगदी क्षीण असेल, तर वाट धुळीने तुंबली आहे. भरपूर गरम हवा येत असेल, तर पंखा आपले काम करतो आहे आणि खोलीच तापलेली आहे. लॅपटॉप कढत झाला तरी आवाजही नाही आणि हवाही नाही, अशी स्थिती असेल, तर पंखा बंद पडलेला असू शकतो आणि तो बदलेपर्यंत काम थांबवणेच शहाणपणाचे ठरते. काही पातळ लॅपटॉपांना मात्र मुळात पंखाच नसतो, हे आधी पाहून घ्यावे.

गादीवर किंवा वाकळेवर ठेवून लॅपटॉप वापरल्यास तळाची जाळी झाकली जाते, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि तरीही बहुतेक जण तसेच करतात. मांडीएवढी एक सपाट फळी किंवा जुना पाट खाली घेतला, तरी काम भागते. माळवदाच्या घरात खोली थंड राहते, ही मोठी सोय आहे. पण वरून झिरपणारी बारीक माती कीबोर्डच्या फटींत जाते, तेव्हा काम संपल्यावर लॅपटॉप मिटून वर एखादे फडके टाकावे.

उन्हाळ्यातला कूलर हा वेगळाच विषय आहे. हवा थंड मिळावी म्हणून अनेक जण कूलरच्या अगदी तोंडासमोर लॅपटॉप मांडतात. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषारही येतात, बोअरचे पाणी जड असल्यामुळे त्या तुषारांतले क्षार पोर्टमध्ये आणि कीबोर्डखाली बसतात आणि काही महिन्यांनी कळा अडकू लागतात. कूलर बाजूच्या खिडकीत असावा, त्याचा झोत लॅपटॉपवर थेट येऊ नये आणि कूलर व लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर तर कधीच लावू नयेत, कारण मोटर चालू-बंद होताना त्या बोर्डवर बसणारे झटके लॅपटॉपच्या चार्जरलाही सोसावे लागतात.

धूळ काढताना होणारी घाई

लॅपटॉपच्या पंख्यापुढे तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या अतिशय बारीक पट्ट्यांची रांग असते. झाकण काढून पंखा बाजूला केला, तर पंखा आणि या पट्ट्या यांच्या मध्ये धुळीचा, केसांचा आणि कापडाच्या तंतूंचा दाबून बसलेला एक थर दिसतो; तो चिमट्याने उचलला, तर नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड निघतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत असतानाही हा थर आत असतो, म्हणूनच वरवर फडके मारून काहीही साधत नाही. जिनिंगजवळच्या कार्यालयात त्यात कापसाचा तंतू असतो, पिठाच्या गिरणीत पीठ असते आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत गावाकडच्या घरात भुश्श्याची धूळ असते. घरगुती वापरात वर्षातून एकदा आणि अशा ठिकाणी सहा महिन्यांतून एकदा ही सफाई करून घ्यावी; त्यासाठी मळणीचा हंगाम उलटल्यानंतरचा काळ किंवा उन्हाळा लागण्यापूर्वीचा फेब्रुवारी सोयीचा पडतो.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवावा लागतो. तो मोकळा सोडला, तर हवेच्या जोराने प्रमाणाबाहेर वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट प्रत्येक सफाईत बदलण्याची गरज नसते. मात्र हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला उष्णता खेचणारा धातूचा भाग, उचलला असेल, तर जुनी पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय तो पुन्हा बसवू नये. पडद्यासाठी मायक्रोफायबरचे किंचित ओलसर कापड पुरेसे असते. काच साफ करण्याचा द्रव किंवा थिनर पडद्यावर वापरू नये आणि कोणताही द्रव थेट पडद्यावर फवारू नये.

विजेचा अंदाज न घेता प्लग लावणे

चार्जरवरचे बारीक अक्षर वाचले, तर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले आढळते. याचा अर्थ संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरले, तरी चार्जर काम करतो आणि त्यासाठी स्वतंत्र स्टॅबिलायझर घेण्याची गरज नसते. खरा धोका वरच्या बाजूला आहे. आपल्याकडे डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटण्याचे प्रकार घडतात आणि तसे झाले, की काही घरांत २३० च्या जागी ३०० व्होल्टच्याही पुढे दाब येऊ शकतो, तर शेजारच्या घरांत तो एकदम उतरतो. आपले दिवे डोळे दिपतील एवढे प्रखर झाले, पंखा अवाजवी वेगाने फिरू लागला आणि त्याच वेळी शेजारी दिवे मंद झाले, तर ती न्यूट्रल गेल्याची खूण समजून मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला किंवा महावितरणला कळवावे. सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड क्षणिक झटका शोषून घेतो, पण बराच वेळ टिकणारा चढा दाब तो थोपवू शकत नाही, एवढी त्याची मर्यादा लक्षात असावी.

गेलेली वीज परत आल्यावर पहिली काही मिनिटे चार्जर लावू नये. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की चार्जरबरोबर राउटरची नेटवर्क केबलही लॅपटॉपमधून काढावी, कारण झटका त्या वाटेनेही आत येतो.

चार्जिंग सुरू असताना धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवला, तर मुंग्या आल्यासारखे वाटते, ही तक्रार उन्हाळ्यात वाढते. दोन पिनांच्या चार्जरमधून अत्यल्प गळती होतच असते आणि तिची जाणीव होऊ शकते. परंतु चार्जर तीन पिनांचा असूनही असे होत असेल, तर घराचे अर्थिंग तपासून घेणे अत्यावश्यक आहे. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी रीत योग्यच आहे. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून चार्जरची तिसरी पिन मोडणे किंवा तिला दोन पिनांचा जोड लावणे, हे मात्र कधीही करू नये.

नवा चार्जर घेताना केवळ पिन बसते म्हणून तो घेऊ नये. व्होल्ट जुन्याइतकेच आणि वॅट जुन्याइतके किंवा अधिक असावेत. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध सुईसारखी एक बारीक तार असते आणि तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती वाकली किंवा मोडली, तर लॅपटॉप विजेवर चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि गतीही उतरते. अशा वेळी बॅटरी बदलण्याचा खर्च वाया जातो. भारतात विकल्या जाणाऱ्या चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर पडताळून पाहता येतो.

फुगलेली बॅटरी दामटणे

टचपॅड वर उचलला गेला, त्याची क्लिक घट्ट झाली किंवा टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागला, तर आतली बॅटरी फुगली आहे, असे धरून चालावे. त्यानंतर चार्जिंग एकदाही करू नये, वरून दाबून ती बसवू नये आणि वायू निघून जाईल या कल्पनेने टोचू तर मुळीच नये, कारण लिथियमची बॅटरी टोचल्यास पेट घेते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच राहत असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का, ते पाहावे. उष्ण हवामानात पूर्ण भरलेली बॅटरी लवकर झिजते.

दुकानदाराच्या खात्यावर लॅपटॉप सुरू करणे

ही चूक सर्वांत महागात पडते आणि तिची जाणीव सर्वांत उशिरा होते. नवा लॅपटॉप दुकानातच ‘चालू करून’ दिला जातो आणि वेळ वाचावा म्हणून दुकानदार स्वतःचा किंवा नुकताच तयार केलेला एखादा ई-मेल टाकतो. विंडोज ११ मध्ये अनेक लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) अद्ययावत केले, की निळ्या पडद्यावर तीच की मागितली जाऊ शकते आणि ती नसेल, तर आतला डेटा परत मिळत नाही. लॅपटॉपबरोबर आलेले कायमस्वरूपी ऑफिसही ज्या खात्यातून सक्रिय होते, त्याच खात्याशी बांधले जाते. म्हणून लॅपटॉपचे खोके घरी उघडावे, खाते स्वतःच्या ई-मेलने आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने उघडावे आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून खरेदीच्या पावतीजवळ ठेवावी. वॉरंटीची मुदत मोजताना ही पावती कामी येते, त्यामुळे तिचा फोटोही काढून ठेवावा.

फुकट विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करणारी साधने आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. एवढ्यावरून काय ते समजावे.

फॉरमॅटला होकार देण्याआधी

विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्याने पुष्कळदा संपूर्ण बंद होत नाही; फास्ट स्टार्टअपमुळे जुन्या स्थितीचा काही भाग जपला जातो. म्हणून विचित्र वागणाऱ्या लॅपटॉपला सर्वप्रथम ‘रीस्टार्ट’ करावे. तो सुरूच होत नसेल, तर चार्जर आणि सर्व जोडण्या काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग फक्त चार्जर लावून पाहावे. दिवा लागतो पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून बघावे. टीव्हीवर चित्र आले, तर लॅपटॉप जिवंत आहे आणि दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. चहा सांडला, तर बटण दाबून धरून लगेच बंद करावा, चार्जर काढावा, लॅपटॉप उघडून पालथा ठेवावा आणि सुकल्यासारखा वाटला तरी चालू न करता त्याच दिवशी उघडून साफ करून घ्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने साखर निघत नाही.

एवढे करूनही फॉरमॅट करायचेच ठरले, तर ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही’ या आश्वासनावर न विसंबता सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ग्रामपंचायत, शाळा आणि छापखाने यांनी कृतिदेव, श्रीलिपी यांसारखे जुने फॉन्टही जपावेत, कारण त्या फॉन्टविना वर्षानुवर्षांचे ठराव आणि पत्रे अगम्य चिन्हांत दिसू लागतात.

दुरुस्तीला देताना सिरीयल क्रमांक, रॅम आणि डिस्कची क्षमता जॉबशीटवर लिहून घ्यावी. परत घेताना बिल देण्यापूर्वी तिथेच कॅमेरा, स्पीकर, वाय-फाय, प्रत्येक यूएसबी पोर्ट आणि तळाचे सगळे स्क्रू तपासावेत, बदललेला जुना भाग मागून घ्यावा, नव्या भागाची वॉरंटी बिलावर नोंदवून घ्यावी आणि कारागिराला सांगितलेला पासवर्ड घरी पोहोचताच बदलावा.