बाईंच्या कॅसेटी, वह्या आणि अर्धवट विणकाम कसं जपावं

गाणं आणि हस्तकला शिकवण्यात हयात घालवलेल्या शिक्षिकेच्या मागे घरात दोन प्रकारच्या वस्तू उरतात. भिंतीवर मानपत्रं, ढाली, सत्काराचे फोटो. कपाटात सरावाच्या कॅसेटी, नोटेशनच्या म्हणजे स्वर लिहून ठेवलेल्या वह्या, वर्गात दाखवायला केलेले नमुने आणि सुयांवरच राहिलेलं एखादं विणकाम. घरचे भिंतीवरचं जपतात आणि कपाट आवरताना बाकीचं टाकतात. करायला हवं ते नेमकं उलट, कारण मानपत्रांची भाषा सगळ्यांसाठी सारखीच असते. बाई शिकवायच्या कशा, ते कपाटात असतं. तेव्हा सुरुवातीला काहीही धुवू, पुसू किंवा वाटू नका. प्रत्येक वस्तू आहे त्या जागी ठेवून फोटो काढा. कुठली वही कुठल्या कॅसेटीजवळ होती, एवढ्यावरूनही पुढे बरंच जुळवता येतं.

कॅसेटी

पहिला हात कॅसेटींना लावा, कारण त्या आणि त्या वाजवणारी यंत्रं, दोन्ही झिजत चालली आहेत. कॅसेटीच्या वरच्या कडेचे दोन छोटे टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. टेपवर पांढुरकी बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या कॅसेटीला लागते. आवाज दबका आणि येत-जात असेल, तर टेपमागचा फेल्टचा तुकडा गळाला आहे का ते पाहा. तसं असेल तर स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडून टेपची चाकं तिच्यात बसवायची.

बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून घ्या. घट्ट बसलेले वेढे त्याने सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा, पण रबरी चाकाला ते लावू नका, रबर कडक होतं. टेपरेकॉर्डरची वायर संगणकाच्या लाइन-इन भोकात जोडा. माइकच्या भोकात जोडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही सांधता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज वजा ६ डेसिबलच्या खाली राहू द्या. तासाला साधारण १ जीबी जागा लागते. ९० मिनिटांच्या कॅसेटीला ९० मिनिटंच द्यावी लागतात. खरखर काढायची तर ती कॉपीवर, मूळ फाइलवर नाही.

एक गोष्ट हमखास सुटते: सूर. बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट आज चांगल्या मशीनवर जलद आणि चढ्या सुरात वाजते. गाणं ऐकून ते लक्षात येईलच असं नाही. बाईंची पेटी (हार्मोनियम) घरात असेल तर तीच मोजपट्टी. रेकॉर्डिंगमध्ये त्याच पेटीचा सूर आहे याची खात्री असेल, तर आजच्या पेटीशी तो ताडून पाहा. एका अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात जवळपास ६ टक्के चूक. कॉपीचा वेग तेवढा बदला आणि किती बदलला ते लिहून ठेवा. मधलं बोलणं मात्र कापू नका. ‘पुन्हा घे, मात्रा चुकली’ हे वाक्य अख्ख्या बंदिशीपेक्षा मोलाचं असू शकतं.

वह्या

नोटेशनच्या वह्या रंगीतच स्कॅन करा, निदान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके). स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली आणि तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब. पेन्सिलीने दिलेली ही टिंबं काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये उडतात आणि मंद्राचा निषाद मध्य सप्तकात जाऊन बसतो. टाइप करतानाही हेच होतं, म्हणून टाइप केलेल्या पानासोबत मूळ पानाचं चित्र ठेवाच. समासातल्या खुणा, खाडाखोड, मुलांची नावं यांची वेगळी यादी करा.

भरतकाम, विणकाम

दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पुढची बाजू नक्षी दाखवते. दोरा कुठे संपवला, एका फुलावरून दुसऱ्यावर कसा नेला, हे मागची बाजू सांगते. जवळ पट्टी ठेवा. विणकामात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा, तसंच पुन्हा विणायचं तर ते लागतं. सुयांवर राहिलेले टाके सुती दोऱ्यावर उतरवून घ्या, सुयांचा क्रमांक टिपा आणि सुया काढा. लोखंडाचा गंज लोकरीत उतरतो. टाचण्यांचंही तेच. अर्धवट काम ‘पूर्ण’ करून घेण्याचा मोह टाळा.

धुण्याआधी ओल्या पांढऱ्या कापसाने प्रत्येक रंगाचा दोरा दाबून पाहा. कापसाला रंग लागला तर धुणं रद्द. भरतकाम घडी न घालता नळीवर गुंडाळा, चांगली बाजू बाहेर ठेवून, मध्ये धुतलेलं बिनखळीचं मलमल. विणलेले कपडे टांगू नका, स्वतःच्या वजनाने ओघळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. वस्तू विद्यार्थ्यांना वाटायच्या असतील तर आधी क्रमांक द्या: सुती फितीवर लिहून ती दोन सैल टाक्यांनी अडकवा आणि कोणाकडे काय गेलं ते नोंदवा.

विद्यार्थ्यांच्या आठवणी

‘बाई कशा होत्या?’ असं विचारलं की ‘फार प्रेमळ’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: पहिल्या तासाला काय करून घ्यायच्या? सूर लागला नाही की काय करायच्या? कात्री कशी धरायला लावायच्या? जमलं तर हाताने करूनच दाखवायला सांगा आणि हातांचं चित्रण करा. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, सुरुवातीला नाव आणि तारीख. रेकॉर्डिंग कुठे वापरणार ते आधी सांगून संमती घ्या. वर्गाच्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून चेहऱ्यांना क्रमांक द्या. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं तर उठाव पुढे उमटतो.

लेख

सातशे-आठशे शब्द पुरे. नेमणूक, बदली, निवृत्ती यांच्या तारखा कागदावरून घ्या, आठवणीतून नको. आठवणीतली वर्षं दोन-तीनने सहज सरकतात. ‘शिस्तप्रिय’, ‘मनमिळाऊ’ लिहावंसं वाटलं की थांबा आणि त्या जागी एक प्रसंग किंवा एक सवय लिहा. शिस्तप्रिय म्हणजे तास सुरू होण्याआधी तंबोरा लावून तयार असायचा, एवढं सांगितलं की विशेषणाची गरज उरत नाही. रागावणं, हट्ट, नावडते विद्यार्थी हेही थोडं येऊ द्या. नाहीतर वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना बाई ओळखूच येणार नाहीत.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क उघडून दोन-चार फाइली वाजवून पाहा. मूळ कॅसेटी टाकू नका. कोरड्या, थंड जागी उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब.